शिक्षा दिली, पण तास कुणी मोजायचे?

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि सामुदायिक सेवा ही शिक्षा देशाच्या मुख्य फौजदारी कायद्यात पहिल्यांदाच आली. कलम ४ मध्ये फाशी, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्ती आणि दंड यांच्यानंतर ती सहावी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी इथल्या कोर्टांना आता आरोपीला हिंडलगा जेलमध्ये न धाडता गावाच्या कामाला लावता येते. ही शिक्षा आणखी बऱ्याच गुन्ह्यांना लागू व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. पण तिचे तास, तिची जागा आणि तिच्यावर देखरेख करणारा माणूस या तीन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत. त्या ठरल्या नाहीत तर पैसेवाल्यांसाठी ती सहीचा खेळ होईल आणि गरिबांसाठी बेगार.

आज या संहितेत ती लागू आहे फक्त सहा गुन्ह्यांना. सरकारी नोकराने बेकायदा धंदा करणे (कलम २०२), कोर्टाचा जाहीरनामा निघूनही हजर न होणे (२०९), अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे (२२६), पाच हजार रुपयांच्या आतली पहिली चोरी (३०३), दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घालणे (३५५) आणि बदनामी (३५६). तालुक्याच्या कोर्टात ज्यांच्या तारखा पडतात त्यातली बहुतेक माणसे या यादीत बसत नाहीत. बांधावरून झालेली मारामारी, भर बाजारातले भांडण, बेदरकार दुचाकी, मटका, अंदर-बाहर, दुसऱ्याच्या आवारात घुसणे, लहानसे नुकसान करणे, यातल्या कशालाच सामुदायिक सेवा नाही. त्यांच्यासाठी कैद किंवा दंड, आणि दंड भरता आला नाही की परत कैदच.

चोरीचे कलम जरा जवळून पाहू, कारण गरीब माणूस सर्वांत जास्त अडकतो तो इथेच. कलम ३०३ म्हणते की चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपीला पहिल्यांदाच शिक्षा होत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा व्हावी. ऐकायला हे ठीक वाटते. आता विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली असे धरा. पंचनाम्यात तिची किंमत नव्या केबलच्या दराने लिहिली तर ती पाच हजारांवर जाते, मोडीच्या दराने लिहिली तर आत राहते. हवालदाराने लिहिलेल्या त्या एका आकड्यावर पुढचे सगळे अवलंबून असते. मोबाईल घ्या, शेळी घ्या, आजच्या बाजारात पाच हजारांत काय बसते? शिवाय हेच भांडे अंगणातून उचलले तर कलम ३०३ लागते आणि घराच्या आतून उचलले तर कलम ३०५. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि सेवेची सवलत नाही. हजार रुपयांच्या भांड्यासाठी एवढा फरक पडतो.

सर्वांत अडचणीची अट आहे ती किंमत परत करण्याची. केबल विकून आलेले पैसे खर्च झालेले असतात. परत द्यायला काही नाही म्हणून सेवेचा दरवाजा बंद, आणि तो बंद होण्याचे कारण गुन्हा नसून खिसा रिकामा असणे हे आहे. यावर उपाय अवघड नाही. मर्यादा निदान पंधरा हजारांवर न्यावी, किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाने आणि वस्तूचे वय धरून लिहावी, आणि परतफेड हप्त्यांनी करायची मुभा द्यावी. सेवा सुरू असतानाच हप्तेही सुरू राहतील. ज्याची केबल गेली त्या शेतकऱ्याला आरोपी जेलमध्ये बसल्याने एक रुपयाही मिळत नाही. हप्त्यांनी त्याचे पैसे तरी येतात.

आता तासांचा प्रश्न. संहितेत किती तास, किती दिवसांत, दिवसाला जास्तीत जास्त किती, यातले काहीच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ मध्ये एवढीच व्याख्या आहे की समाजाला उपयोगी पडेल असे, मोबदला नसलेले, कोर्टाने शिक्षा म्हणून सांगितलेले काम. म्हणजे दारू पिऊन धिंगाणा घातला तर कैद जास्तीत जास्त २४ तासांची, दंड हजार रुपयांचा, पण सेवेला वरची मर्यादा नाही. एका कोर्टाने आठ तास दिले आणि शेजारच्या तालुक्यातल्या कोर्टाने दोनशे, तरी दोन्ही आदेश कायद्यात बसतात. सेवा चुकवली तर काय, याचेही तसेच. न्याय संहितेच्या कलम ८ नुसार त्याबद्दल कैद देता येते, पण तिथले दोन महिने आणि चार महिन्यांचे टप्पे दंडाच्या रकमेला बांधलेले आहेत, पाच हजारांपर्यंत आणि दहा हजारांपर्यंत. तासांना जोडलेले कोष्टक कुठेच नाही.

ही पोकळी राहायला नको होती, कारण १९७८ च्या भारतीय दंड संहिता दुरुस्ती विधेयकात आकडे लिहिलेले होते, कमीत कमी ४० तास, जास्तीत जास्त १००० तास. ते राज्यसभेत संमत झाले, पण १९७९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. इंग्लंडमध्ये आज ही मर्यादा ४० ते ३०० तासांची आहे आणि काम साधारण बारा महिन्यांत संपवायचे असते. फिनलंडची पद्धत मला सर्वांत पटते. तिथे न्यायाधीश आधी कैद किती ते ठरवतो, आणि ती आठ महिन्यांच्या आतली असेल तरच तिचे तासांत रूपांतर करतो. एका दिवसाच्या कैदेला एक तास काम. यामुळे जो माणूस एरवी पाचशे रुपये दंडावर सुटला असता त्याच्या गळ्यात साठ तास पडत नाहीत.

हा धोका खरा आहे आणि जगभर दिसलेला आहे. नवी, सौम्य वाटणारी शिक्षा हाती आली की ती जेलमध्ये जाणाऱ्यांना न मिळता समज देऊन सोडता आले असते अशांना मिळू लागते. जेलची गर्दी तेवढीच राहते आणि बाहेर शिक्षा भोगणारे वाढतात. म्हणून सेवेच्या प्रत्येक आदेशात न्यायदंडाधिकाऱ्यांनी एक ओळ लिहावी. सेवा नसती तर या माणसाला किती दिवसांची कैद दिली असती, किंवा दंड न भरल्याबद्दल किती दिवस आत घातले असते? ते उत्तर ‘शून्य दिवस’ असेल तर सेवा देऊ नये.

सीमाभागासाठी तासांचे कोष्टक असे ठेवता येईल. कलम ३५५ सारख्या चोवीस तासांच्या गुन्ह्याला आठ तास, चार-चार तासांच्या दोन पाळ्यांत. तीन महिन्यांपर्यंत कैदेच्या गुन्ह्याला २० ते ६० तास. वर्षभरापर्यंतच्या गुन्ह्याला ४० ते १२० तास. पहिल्या लहान चोरीला ४० ते ८० तास. तीन वर्षांपर्यंतच्या इतर गुन्ह्यांना सेवा द्यायचीच झाली तर २४० तासांच्या वर नको. एका दिवशी चार तास, आठवड्यात दोन दिवस. या हिशेबाने साठ तासांना आठ आठवडे लागतात आणि उद्यमबागच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला साप्ताहिक सुट्टीचा दिवस आणि एक सकाळ देऊन ते पुरे करता येतात. त्याची नोकरी टिकते. महिनाभर हिंडलग्याला जाऊन आला तर ती टिकत नाही. मालक जागा रिकामी ठेवत नाही, आणि घरी हप्ते थकलेले असतात.

मुदत मात्र बारा महिन्यांचीच हवी. तीन महिन्यांची मुदत बेळगाव जिल्ह्यात चालणार नाही. खानापूर तालुक्यात जुलैमध्ये भाताची लावणी असते, त्या पंधरवड्यात शेतमजुराने कामावर यावे असे म्हणणे म्हणजे त्याच्या घरचे वर्षाचे धान्य तोडणे. ऊसतोडणीला गेलेला माणूस दिवाळीनंतर गाव सोडतो आणि हंगाम संपल्यावर परततो. आदेशातच ‘हंगामी खंड’ असा रकाना असावा आणि खंड किती तारखेपासून किती तारखेपर्यंत ते तिथेच लिहावे. नाहीतर तो कामावर आला नाही म्हणून अहवाल जातो, अहवालावर वॉरंट निघते, आणि ज्याला जेलपासून वाचवायचे होते तोच जेलमध्ये पोचतो.

जागेची निवड हे दुसरे अवघड काम. आमगाव, गवाळी, कृष्णापूर यांसारख्या जंगलातल्या गावांचा पावसाळ्यात रस्ता तुटतो. तिथल्या माणसाला खानापूरच्या दवाखान्यात चार तास काम दिले तर येण्याजाण्यात दिवस जातो. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे बायकांना बसभाडे पडत नाही, पुरुषांना पडते, आणि बिनपगारी कामासाठी दर खेपेला खिशातून भाडे घालायचे म्हणजे तो दंडच झाला. म्हणून कामाची जागा आपल्या किंवा शेजारच्या ग्रामपंचायतीत, आणि जाण्यायेण्याचा वेळ एका तासाच्या वर गेला तर तो जादा वेळ तासांत धरावा. काहींना स्वतःच्या गावात सगळ्यांसमोर काम करणे जड जाते. त्यांना शेजारचे गाव मागण्याचा हक्क असावा.

कामे भरपूर आहेत. सरकारी प्राथमिक शाळांच्या आवारभिंतीची डागडुजी आणि रंगकाम, पाण्याची टाकी धुणे, वनखात्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरणे, प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपरची रांग लावणे, बीम्सच्या सरकारी इस्पितळात व्हीलचेअर ढकलणे आणि खेड्यातून आलेल्यांना कुठल्या खिडकीवर जायचे ते सांगणे, वाचनालयातली पुस्तके लावून यादी करणे. गणपती विसर्जनानंतर कपिलेश्वर तलावावर निर्माल्य आणि फळ्या वेगळ्या करायला माणसे लागतात. सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेत पाणी वाटायला आणि हरवलेल्यांच्या नोंदी घ्यायला लागतात. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा यांना २०१९ सारखा पूर आला तर निवारा केंद्रांत शेकडो हात लागतात. कारकुनीत मुरलेल्या माणसाला कुदळ देण्यापेक्षा यादी करायला बसवावे आणि गवंड्याला भिंत द्यावी. ज्याला जे येते ते दिले तर काम होते आणि देखरेख करणाऱ्याचा जीवही वाचतो.

काय देऊ नये, हे कामांच्या यादीपेक्षाही जास्त महत्त्वाचे. गटार, मॅनहोल, सेप्टिक टँक यांच्या जवळपाससुद्धा कुणाला पाठवता कामा नये. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला काढण्यावर आणि गटारांच्या धोकादायक सफाईवर बंदी आहे, आणि ती बंदी शिक्षेच्या नावाखाली मोडता येत नाही. पण तेवढ्याने भागत नाही. सामुदायिक सेवा म्हटले की पहिल्यांदा झाडूच आठवतो, आणि ही सवय मोडली पाहिजे. कार्पोरेशनचे पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, रोज पोटासाठी जे काम करतात तेच आपण शिक्षा म्हणून दुसऱ्याला सांगतो तेव्हा त्या कामगारांना आपण काय ऐकवतो, याचा विचार व्हावा. आणि प्रत्यक्षात झाडू कुणाच्या हातात जाईल आणि वाचनालयाची यादी कुणाच्या, ते ओळखायला फार डोके लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगांतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. जेलच्या भिंतीआड जे चालत नाही ते बाहेरही चालू देता येणार नाही. म्हणून काम कोणते, हे मुकादमाने किंवा पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) जागेवर ठरवायचे नाही. ते आदेशातच लिहिलेले असावे, आणि प्रत्येक तालुक्यात कुणाला कोणते काम दिले याचा सहामाही तक्ता गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाने तपासावा.

दुसरे, पगारी माणसाच्या जागेवर शिक्षेचा माणूस उभा करायचा नाही. रोजगार हमीच्या कामावर तर मुळीच नाही. तिथे एक फुकटचा हात आला की एका मजुराचा एक दिवसाचा रोज जातो. सरकारी साहेबांच्या घरचे काम, देवस्थानाचे काम, पक्षाच्या कार्यक्रमाचे काम, हे सगळे वर्ज्य. लहान मुलांबरोबर एकट्याने काम असेल तिथे माणूस आणि गुन्हा पाहूनच पाठवावे.

देखरेखीवर जरा थांबतो, कारण ही शिक्षा इथेच टिकते किंवा मोडते. जो मुख्याध्यापक, जो पीडीओ, जी परिचारिका आधीच स्वतःच्या कामाने वाकली आहे तिच्यावर आणखी एक वही टाकली की काय होणार? पहिल्या आठवड्यात नीट नोंद होते. तिसऱ्या आठवड्यात सगळ्या सह्या एकदम होतात. पाचव्यात माणूस येतच नाही, मस्टर मात्र भरलेले. ज्याची ओळख आहे त्याला प्रमाणपत्र घरबसल्या मिळते, ज्याची नाही त्याच्याकडून दुप्पट काम करून घेतले जाते.

म्हणून हजेरीचे कार्ड साधे आणि फसवायला अवघड असावे. एका पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंनी छापलेले, वर केस नंबर, एकूण तास, शेवटची तारीख, कामाचे स्वरूप. खाली प्रत्येक पाळीची एक ओळ आणि ओळीत सहा रकाने. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, केलेले काम चार शब्दांत, काम करणाऱ्याची सही किंवा अंगठा, देखरेख करणाऱ्याची सही. शेवटी ‘शिल्लक तास’ हा सातवा रकाना, दर वेळी कमी होत जाणारा. हा रकाना फार उपयोगाचा आहे, कारण काम करणाऱ्याला स्वतःलाच दिसते की किती उरले आणि कुणी त्याचे तास खाऊ शकत नाही. कार्ड त्याच्याजवळ, प्रत कामाच्या जागी. दर महिन्याला तालुका कायदा सेवा समितीच्या पॅरा लीगल स्वयंसेवकाने न सांगता एक फेरी मारावी आणि दोन्ही कार्डे ताडून पाहावीत. त्यांना फेरीचे मानधन मिळाले पाहिजे, नाहीतर फेऱ्या होणार नाहीत.

फोटो काढायचाच तर तो फाईलपुरता. शिक्षा भोगणाऱ्याचा चेहरा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की ती शिक्षा कोर्टाने दिलेली राहत नाही, गावाने दिलेली होते, आणि तिला अंत नसतो. गळ्यात पाटी, वेगळ्या रंगाचे जाकीट, ‘गुन्हेगार काम करत आहे’ असा फलक, यातले काहीही असू नये, हे आदेशातच छापलेले हवे.

पहिल्या पाळीआधी दोन गोष्टी. सरकारी दवाखान्यातून काम झेपेल का याची तपासणी, आणि अपघात विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे संरक्षण आहे, १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला. पायावर कुदळ पडली, रंगकाम करताना शिडीवरून पडला, तर हा माणूस कुणाचा नोकरही नाही आणि कैदीही नाही, मग भरपाई कुणाकडे मागणार? वीस रुपये कायदा सेवा प्राधिकरणाने भरावेत आणि विम्याचा नंबर कार्डावर यावा. या विम्याने साधी जखम भागत नाही. त्यासाठी उपचाराचा खर्च ज्या खात्याचे काम त्याने उचलायचा, असे लेखी ठरलेले पाहिजे.

खाडा झाला तर लगेच वॉरंट नको. पहिल्या खाड्याला लेखी समज आणि बदली तारीख, दुसऱ्याला कोर्टात बोलावून कारण विचारणे, तिसऱ्यालाच कैदेचा विचार. आणि कैद द्यायचीच तर उरलेल्या तासांपुरती, चार तासांना एक दिवस. चाळीसपैकी बत्तीस तास करून आजारी पडलेल्याला दोन दिवसांच्या वर आत बसवण्याचे कारण नाही.

न्यायदंडाधिकारी ही शिक्षा सहज का देत नाहीत, त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. दंड भरला की फाईल त्याच दिवशी बंद. सेवेचा आदेश दिला की फाईल महिनोन्‌महिने उघडी, अहवाल मागवा, तारखा लावा. ज्यांच्या टेबलावर आधीच ढीग आहे ते दंडच निवडणार. निकालाच्या दिवशीच केस निकाली निघाली असे धरावे आणि पुढचा पाठपुरावा कोर्टाच्या कारकुनाकडून काढून कायदा सेवा समितीकडे द्यावा. शिक्षेआधी प्रोबेशन अधिकाऱ्याचा एक पानी अहवालही हवा. राहतो कुठे, कमावतो कसा, काय येते, कोणता हंगाम. आरोपीला जेलऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याच्या १९५८ च्या प्रोबेशन कायद्यात असे अहवाल घेण्याची सोय आहेच.

भाषेचा मुद्दा सीमाभागात टाळता येत नाही. कोर्टाचे कामकाज कन्नड आणि इंग्रजीत चालते. खानापूरच्या पश्चिमेकडच्या खेड्यातल्या, फक्त मराठी वाचणाऱ्या माणसाच्या हातात कन्नड आदेश दिला तर शेवटची तारीख कोणती हे त्याला दुसऱ्याला विचारावे लागते, आणि दुसरा चुकीचे सांगतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ प्रमाणे आरोपीने मागितल्यास, शक्य असेल तर, त्याच्या भाषेत निकालाचे भाषांतर मिळू शकते. पण सेवेचा आदेश मागून मिळण्याची वाट पाहायला लावू नये. तो आणि हजेरीचे कार्ड मुळातच दोन भाषांत, शेजारी शेजारी छापावे. जिथे भाषिक अल्पसंख्याक लोकसंख्येच्या पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने फार पूर्वी मान्य केलेले सूत्र आहे. इथे तर चुकीच्या वाचनाची किंमत जेल आहे.

सीमेची आणखी एक अडचण. चंदगड, गडहिंग्लज, कागल भागातली माणसे रोज कामाला, बाजाराला बेळगाव-निपाणीत येतात. त्यातल्या कुणाला बेळगावच्या कोर्टाने साठ तास दिले, तर ते त्याने कर्नाटकात करायचे की गावी? गावी करायचे तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्या कार्यालयाने त्याचे कार्ड स्वीकारायचे, याची सोय लावावी लागेल. बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणांनी एकमेकांची हजेरी मान्य करण्याचा करार करावा. त्याला सीमाप्रश्नाचा निकाल लागण्याची गरज नाही.

आंदोलनाच्या गुन्ह्यांबद्दल मात्र मी सावध आहे. सीमाभागातले मराठी भाषक निषेध म्हणून पाळतात त्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनी, जमावबंदीच्या काळात, कार्यकर्त्यांवर बेकायदा जमाव (१८९) आणि आदेशभंगाची (२२३) कलमे लागू शकतात. तिथे सेवा हा पर्याय असावा, पण आरोपीने स्वतः मागितला तरच. राजकीय मत मांडल्याबद्दल शिक्षा झालेल्याला एखाद्या सरकारी फलकाची किंवा पुतळ्याची सफाई करायला लावणे ही जाहीर मानहानी होईल, आणि तिचा उपयोग दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. आज एका भाषेच्या कार्यकर्त्याला लागलेला नियम उद्या दुसऱ्याला लागतो.

या शिक्षेबद्दल मराठी वाचकांच्या मनात राग आहे तो मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातामुळे. दोन जीव गेले आणि अल्पवयीन आरोपीला तीनशे शब्दांचा निबंध आणि वाहतूक पोलिसांबरोबर पंधरा दिवस काम, अशा अटींवर जामीन मिळाला. तो राग रास्त होता. पण ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. आणि माणसे मेलेल्या गुन्ह्यात सामुदायिक सेवा द्यावी असे इथे कुणीच म्हणत नाही. मृत्यू, गंभीर इजा, बायका-मुलांवरचे अत्याचार, जातीय अत्याचार, घरातला हिंसाचार हे कायम बाहेरच राहिले पाहिजेत. ज्यात पीडिताला त्याच गावात आरोपीच्या समोर वावरावे लागेल आणि त्याची भीती वाटेल, अशा साध्या मारहाणीच्या केसमध्येही आधी त्या पीडिताला विचारावे.

जेलची गर्दी याने लगेच कमी होईल असे सांगणे चुकीचे ठरेल. २०२२ च्या राष्ट्रीय आकड्यांत देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. त्यांना अजून शिक्षाच झालेली नाही, त्यांचा प्रश्न जामिनाचा आहे. सेवेचा फायदा होईल तो थोड्या मुदतीच्या कैद्यांना आणि दंड न भरल्यामुळे आत बसलेल्यांना. केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी सहाय्य योजनेत दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत मिळते. तीही घ्यावी, पण तीत गुन्ह्याची जबाबदारी कुणी उचलत नाही. सेवेत उचलावी लागते.

शेवटचा अडथळा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. प्रोबेशन कायद्याखाली सोडलेल्याला कलम १२ चे संरक्षण आहे, शिक्षेमुळे येणारी अपात्रता त्याला चिकटत नाही. सामुदायिक सेवा ही मात्र पूर्ण शिक्षा आहे, आणि तिला तसे संरक्षण नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी पहाटे धावणारा येळ्ळूर-उचगावचा पोरगा लहान चोरीत सापडला, त्याने साठ तास इमानाने भरले, तरी पोलीस पडताळणीत दोषी म्हणूनच नाव येणार. वकील त्याला ‘गुन्हा कबूल कर, जेल नाही, नुसते काम आहे’ असे सांगतात तेव्हा हे सांगत नाहीत. सेवा पूर्ण केलेल्यालाही कलम १२ सारखे संरक्षण कायद्याने मिळेपर्यंत, एकवीस वर्षांखालच्या पहिल्या गुन्ह्यात वकिलांनी आधी प्रोबेशनच मागावे.

विस्तारासाठी दिल्लीकडेच पाहत बसावे लागत नाही. न्याय संहितेत राज्याला केंद्राशी विसंगत दुरुस्ती करायची तर राष्ट्रपतींची संमती लागते, ते वेळखाऊ आहे. पण जुगार, दारू आणि पोलीस हे राज्यसूचीतले विषय. कर्नाटक पोलीस कायदा १९६३ मधली मटका-जुगाराची कलमे आणि अबकारी कायदा १९६५ मधले उघड्यावर दारू पिण्याचे कलम, यात दंड किंवा कैदेच्या जोडीला सामुदायिक सेवा घालायला विधानसभेची एक दुरुस्ती पुरते. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा सीमाभागातल्या आमदारांनी हे विधेयक मागावे. तोवर जिल्हा न्यायाधीशांनी कायदा सेवा प्राधिकरणामार्फत प्रत्येक तालुक्यातली कामाची ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी एका वेळी किती माणसे घेता येतील तो आकडा आणि देखरेख करणाऱ्याचे पद, एवढी यादी कन्नड आणि मराठीत तयार करून कोर्टाच्या आवारात लावावी. खानापूर आणि निपाणी या दोन तालुक्यांपासून सुरुवात करता येईल, प्रत्येकी दहा ठिकाणे आणि एका ठिकाणी एका वेळी चारपेक्षा जास्त माणसे नाहीत.